शाळेतली बक्षिसे आणि बाकीची मुले

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



भाषण करण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. आजवर या खोलीत मी सतरंज्या घातल्या, चहा केला, संक्रांतीची वाणे मोजून ठेवली. पण या टेबलामागे उभी राहिले नव्हते. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही मुलीच्या शाळेच्या कमिटीवर होतात, तेव्हा शाळांमधल्या कार्यक्रमांविषयी तुम्हीच बोला." मी म्हटले, "अहो, मी सातवी पास. तिथे मास्तरणी आहेत, दोन पदवीधर आहेत." तर त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुम्ही बोला." याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही. तेव्हा काही चुकले-माकले तर पदरात घ्यावे.

डिसेंबर उजाडला की आपल्याकडे शाळांचे फलक लागतात. डोंबिवलीत मानपाडा रस्त्याने जा, कल्याणात खडकपाड्याकडे जा, नाहीतर ठाण्याला घोडबंदर रस्त्याने जा, चौकाचौकांत 'इंटरनॅशनल' हा शब्द दिसतो. फलकावर मुलांचे फोटो असतात. एकाच्या गळ्यात पदक, एकीच्या कमरेला कराटेचा काळा पट्टा, एकाच्या हातात त्याने जोडलेला यंत्रमानव. खाली लिहिलेले असते, ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक, बुद्धिबळात पहिला, भाषणात पहिली. मी भाजी घेऊन येताना त्या फलकासमोर उभी राहून मोजले होते. सात मुले होती. त्या शाळेत मुले आहेत हजाराच्या वर. तेव्हा माझ्या मनात काही आले नाही. उलट वाटले, आपली पोर या सातांत कधी येईल?

इंटरनॅशनल म्हणजे काय, हेही मला ठाऊक नव्हते. नंतर कमिटीवर गेल्यावर समजले. जिनेव्हा येथे १९६८ साली स्थापन झालेली एक संस्था आहे, तिला आय. बी. म्हणतात, तिचा अभ्यासक्रम देशोदेशींच्या शाळा शिकवतात. दुसरा केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षांचा. हे अभ्यासक्रम शिकवणाऱ्या शाळा खऱ्या अर्थाने इंटरनॅशनल; त्यांची फी ऐकून आपल्यासारखीला घेरी यावी. बाकी पुष्कळ ठिकाणी अभ्यास दिल्लीच्या केंद्रीय मंडळाचा किंवा आपल्या राज्याच्या मंडळाचाच असतो आणि इंटरनॅशनल हे नुसते नावात असते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असे मी सगळ्यांना म्हणणार नाही, त्यांतल्या काही चांगल्या आहेत. सरकारलाही या शब्दाची भूल पडली होतीच. २०१८ साली जिल्हा परिषदेच्या निवडक शाळांसाठी आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ निघाले आणि थोड्याच वर्षांत गुंडाळले गेले.

माझे माहेर मुरबाड तालुक्यातले. त्याच तालुक्यात फांगणे नावाचे गाव आहे. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी तिथे आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीच्या, सत्तरीच्या, काही तर नव्वदीच्या घरात आलेल्या म्हाताऱ्या गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून दुपारी शाळेला जाऊ लागल्या. अंगठ्याऐवजी सही करायला शिकल्या. ते पाहायला परदेशांतले वार्ताहर कॅमेरे घेऊन फांगण्याला आले. माझी आत्या म्हणायची, "तुमच्या शाळेवर इंटरनॅशनल लिहिलंय, आमच्या इथे ते चालत आलं." असो.

तर धाकटीला आम्ही अशाच एका शाळेत घातले. नाव सांगत नाही, कारण दोष एकट्या तिचा नाही. थोरला मराठी शाळेत शिकला. त्याच्या शाळेत कार्यक्रम म्हणजे पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी, स्नेहसंमेलन आणि चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षा. मुलीसाठी मात्र यजमानांनी ओव्हरटाइम करायचा आणि मी शिवणाची कामे घ्यायची, असे ठरवून आम्ही ती फी उभी केली. तिथे काय नव्हते? तबला, गिटार, स्केटिंग, नाटक, बागकाम. आणि खरे सांगायचे तर पोरीला त्याचा फायदा झाला. पाहुण्यांसमोर पदराआड लपणारी मुलगी चारचौघांत उभी राहून बोलू लागली. हे मी नाकारले तर कृतघ्नपणा होईल.

पुढे चौथीत त्यांच्या शाळेने मोठ्या मुलांच्या 'मॉडेल युनायटेड नेशन्स'ची छोटी नक्कल केली. म्हणजे राष्ट्रसंघाची सभा भरते तशी मुलांनी सभा भरवायची. प्रत्येकाला एकेक देश मिळतो, त्या देशाच्या वतीने बोलायचे. आमच्या बाईसाहेबांना आफ्रिकेतला केनिया मिळाला आणि विषय होता पाण्याची टंचाई. घरात आठ दिवस केनियाच केनिया. त्या आठवड्यात आमच्या इमारतीचे पाणी एक दिवस बंद होते, मी सकाळी पाचला उठून पिंपे भरत होते. ती भाषण पाठ करत पिंपाला वळसा घालून गेली. मी विचारले, "अगं, आपल्या नळाला पाणी कुठून येतं?" ती म्हणाली, "टाकीतून." मी म्हटले, "आणि टाकीत?" तिला सांगता येईना. मग मी तिला बारवी धरण सांगितले, उल्हास नदी सांगितली, आणि ज्या गावांची जमीन धरणात गेली त्यांची गोष्ट सांगितली. ती मला माहेरची म्हणून माहीत. तिने ते भाषणात घातले. बाईंनी ते खोडले, कारण केनियाचा तो मुद्दा नव्हे. बाईंचेही बरोबरच होते म्हणा.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज बोलायला तयार झाले, ती सांगते. ही त्याच्या आधीची, ती तिसरीत असतानाची.

शाळेचे वार्षिक संमेलन होते. मोठे नाट्यगृह घेतले होते. नाच, नाटक, फॅशन परेड आणि शेवटी सर्व वर्गांतल्या मिळून साठ मुलांचे समूहगीत. धाकटीला गाण्याची फार हौस. भांडी लावताना, वेणी घालताना, संडासातसुद्धा तिचे गाणे चालू. आवाज मात्र जाड, आणि सूर जिथे जायचा तिथे न जाता शेजारच्या घरी जातो. समूहगीतात निवड झाली तेव्हा तिने उडीच मारली. पोशाखाचे बाराशे रुपये भरले. महिनाभर तालीम चालली. संमेलनाच्या दिवशी आम्ही चौघे पाचव्या रांगेत बसलो होतो, तिची आजीही मुरबाडहून आली होती. पडदा वर गेला. माझी पोर तिसऱ्या ओळीत होती, चेहऱ्यावर पावडर, डोक्यात गजरा. तोंड उघडत होते, मिटत होते. मला फार कौतुक वाटले.

घरी आल्यावर आजीने तिला मांडीवर घेतले आणि म्हणाली, "तुझा आवाज काही मला ओळखू आला नाही गं." ती म्हणाली, "मी गायलेच नाही. बाईंनी सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव."

महिनाभर तिला हे माहीत होते. महिनाभर ती रोज तालमीला जात होती, ओठ हलवत होती आणि घरी येऊन आम्हाला सांगत नव्हती. आमचा आनंद मोडू नये म्हणून. आठ वर्षांची मुलगी!

त्यानंतर घरात गाणे बंद झाले. मला ते लगेच लक्षातही आले नाही. एके दिवशी दुपारी भांडी लावण्याचा आवाज येत होता, तेवढाच येत होता, तेव्हा मी चमकले. विचारले तर म्हणाली, "मला नाही येत गाणं." यजमान म्हणाले, लहान आहे, विसरेल. मी आई आहे, मला ठाऊक होते ती विसरणार नाही. मीही विसरले नव्हते.

माझीही एक गोष्ट आहे, ती इथेच सांगून टाकते. मी सातवीत असताना केंद्राच्या खेळांत धावण्यात पहिली आले. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. आज त्यात मी हळद ठेवते, तुमच्यापैकी कित्येकींनी पाहिला आहे. पुढे तालुक्याला मुरबाडला जायचे होते. आजोबा म्हणाले, मुलीला न्यायचे-आणायचे कोणी, एस.टी. रात्री येते. माझ्याऐवजी दुसऱ्या नंबराची मुलगी गेली. तिकडे तिला काही मिळाले नाही. पण परत आल्यावर ती मैदानाविषयी बोलायची, चुन्याने आखलेल्या रेघा, शिट्टी, केवढी मुले, आणि मी ऐकत बसायचे. डबा माझ्याकडे होता आणि मैदान तिने पाहिले होते.

आता थोडे क्रिकेटविषयी बोलते. हसू नका. घरात दोन पुरुष असले की बाईला क्रिकेट कळतेच.

४ आणि ५ जानेवारी २०१६ या दोन दिवशी आपल्या कल्याणात जे घडले ते सगळ्या जगात गाजले. सोळा वर्षांखालच्या मुलांचे भंडारी कपचे आंतरशालेय सामने चालू होते. के. सी. गांधी शाळेचा प्रणव धनावडे हा पंधरा वर्षांचा मुलगा सलामीला आला. वडील रिक्षा चालवणारे. पहिल्या दिवशी त्याने ६५२ धावा केल्या आणि तरी तो बाद नव्हता. तेवढ्यानेच इंग्लंडमधल्या एका शाळकरी मुलाचा १८९९ सालचा ६२८ धावांचा विक्रम मागे पडला. दुसऱ्या दिवशी त्याच्या १००९ धावा झाल्या. चौकार १२९ आणि षटकार ५९. मी वहीवर हिशेब केला, नुसत्या चौकार-षटकारांच्याच ८७० होतात. शाळेने तीन बाद १४६५ वर डाव सोडला. कुठल्याही नोंदलेल्या सामन्यात एका माणसाने हजार धावा करण्याची जगातली ती पहिली वेळ. सचिन तेंडुलकरने त्याला आपल्या सहीची बॅट पाठवली. मुंबईच्या क्रिकेट संघटनेने महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. आपल्याकडेही त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता, लोकलच्या बायकांच्या डब्यातसुद्धा तेच.

थोरला तेव्हा चौथीत होता. आमचे हे त्याला मोठ्याने बातमी वाचून दाखवत होते. सगळे ऐकून तो म्हणाला, "बाबा, समोरच्यांनी किती केल्या?"

आम्ही कोणीच ते पाहिले नव्हते. शोधून काढले. पहिल्या डावात सगळे मिळून ३१, दुसऱ्या डावात ५२. समोरच्या शाळेची मोठी मुले परीक्षेमुळे आली नव्हती, खेळले ते बरेचसे लहान होते, झेल वीसाच्या वर सुटले, असे त्या वेळी छापून आले होते. थोरला आपल्याएवढ्याच वयाचा विचार करणार. म्हणाला, "म्हणजे ते दोन दिवस नुसते बॉल आणायला पळत होते." मग जरा थांबून म्हणाला, "पण तीन आउट केले ना त्यांनी."

बायांनो, मला ते फार लागले. चौदाशे पासष्ट धावांत तीनदा त्या पोरांनी उड्या मारल्या असतील, एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या असतील. ते कोणी लिहिले नाही. मी प्रणवला कमी लेखत नाही. भर उन्हात दोन दिवस बॅट धरून उभे राहणे हे कुणाचेही काम नव्हे. पण त्याच्या तरी वाट्याला पुढे काय आले? प्रत्येक सामन्यात लोक हजाराची वाट पाहू लागले. पन्नास केल्या तरी कमीच. पुढच्या वर्षी खेळ उतरला तेव्हा त्याच्या वडिलांनी स्वतःहून संघटनेला कळवले की शिष्यवृत्ती थांबवा, खेळ सुधारला की बघू. महिना दहा हजार रुपये रिक्षावाल्याच्या घरात किती असतात हे मी तुम्हाला सांगायला नको. फलकावर ज्याचा फोटो लागला त्या मुलाला आणि त्याच्या आईबापांनाही ते जड जाते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. ज्याचा विक्रम त्याने मोडला तो कॉलिन्स म्हणून मुलगा होता, आपल्या हिंदुस्थानातच हजारीबागला जन्मलेला, तेरा वर्षांचा, आईबाप नसलेला. पुढे सैन्यात गेला आणि १९१४ साली पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्या एका डावावरच त्याचे नाव राहिले.

आणखी एक सामना सांगते. तो तुम्हा सर्वांना माहीत आहे, पण मी सांगते ती बाजू बहुधा नसेल. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड. शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. विनोदच्या ३४९, सचिनच्या ३२६. ही गोष्ट आता पोरांना पाळण्यात सांगतात. पण त्यांच्या पाठोपाठ खेळायला जायचे म्हणून एक तिसरा मुलगा पायांना पॅड बांधून तंबूत बसला होता. सचिन बाद झाला नाही, विनोद बाद झाला नाही, त्यामुळे दोन दिवस तो नुसता बसून राहिला. त्याचे नाव अमोल मुजुमदार. मोठा झाल्यावर मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात त्याने २६० धावा केल्या, पुढे प्रथम दर्जाच्या सामन्यांत अकरा हजारांवर धावा केल्या, पण भारताच्या संघात त्याला एकदाही घेतले नाही. आयुष्यभर पॅड बांधून बसल्यासारखेच म्हणायचे.

आणि २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवा. आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या नेरुळला डी. वाय. पाटील मैदानावर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. आपण सगळ्याजणी तळमजल्यावरच्या वहिनींच्या घरी दाटीवाटीने बसलो होतो, कुणाची आमटी करपली तरी कुणी उठले नाही. त्या मुलींना शिकवणारे गुरुजी कोण? हेच अमोल मुजुमदार. हरमनप्रीत कौर त्यांच्या पाया पडली तेव्हा आमचे हे म्हणाले, "हाच तो, पॅड बांधून बसलेला." मी उठून स्वयंपाकघरात गेले, कारण मला सगळ्यांसमोर रडायचे नव्हते. धाकटी माझ्यामागून आली आणि म्हणाली, "आई, आपण जिंकलो ना, मग का रडतेस?"

त्या १९८८ च्या सामन्यात समोरच्या सेंट झेवियर्स शाळेकडून साईराज बहुतुले नावाचा एक मुलगाही गोलंदाजी करत होता. त्याला त्या दिवशी एकही बळी मिळाला नाही, धावा मात्र १८२ गेल्या. तो २००१ साली भारताकडून कसोटी सामना खेळला. त्या दिवशी त्याच्या शाळेने त्याला सांगितले असते की तू नुसता हात फिरव, चेंडू टाकू नकोस, तर?

मला शाळेला हेच विचारायचे होते, पण तेव्हा इतके सुचले नाही. मी गेले ते सरळ बाईंकडे. बाई तरुण होत्या, वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "काकू, संमेलनाला चेअरमन येतात, व्हिडिओ होतो, तो शाळेच्या जाहिरातीत जातो. मला एक सूर बिघडला तरी बोलणी बसतात." खरे सांगते, मला त्यांचा राग आला नाही. त्याही एका परीने ओठच हलवत होत्या.

मग थोरल्याने एक माहिती आणली. महाराष्ट्राचा फीविषयीचा २०११ चा कायदा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ हवा आणि त्याची कार्यकारी समिती इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून निवडायची. शाळेने फी ठरवताना त्या समितीपुढे जावे लागते. मी नाव दिले. यजमान म्हणाले, "तिथे सगळे इंग्रजीत बोलतात." मी म्हटले, "चिठ्ठीला कुठे इंग्रजी येतं?" आणि चिठ्ठी माझी निघाली.

पहिल्या दोन सभांत मी नुसती बसले. चहा आणि बिस्किटे चांगली होती. तिसऱ्या सभेत संमेलनाचा विषय निघाला, तेव्हा मी मराठीतच विचारले, "पोशाखाचे बाराशे घेता, त्यातले शिंप्याला किती जातात? मी शिवण करते, मला त्या कापडाचा भाव ठाऊक आहे." सगळे एकदम गप्प झाले. मग एक गृहस्थ, मोठ्या कंपनीतले असावेत, म्हणाले, "मलाही हे विचारायचं होतं." त्यांच्या मागून आणखी दोघी बोलल्या. तेव्हा मला समजले की इंग्रजी येणारीही माणसे गप्प बसतात.

मी आणखी एक गोष्ट मांडली. शिक्षणहक्क कायद्याने पंचवीस टक्के जागांवर आलेली मुले वर्गात आहेत. धाकटीच्या वर्गात एक मुलगा होता, त्याची आई चार घरची भांडी करते. फी माफ होती, पण पोशाख माफ नव्हता. संमेलनाच्या दिवशी तो 'आजारी' पडला. दुसऱ्या दिवशी शाळेत आला तेव्हा ठणठणीत होता आणि सगळ्यांना विचारत होता, नाट्यगृहात आत कसे असते? २०२० चे नवे शैक्षणिक धोरण निघाले आहे. थोरल्याने मला त्यातले वाचून दाखवले होते की अभ्यास आणि अभ्यासाबाहेरचे उपक्रम यांच्यात भिंत असू नये. मी म्हटले, भिंत नसावी तर मग दारात बाराशे रुपये का मागता? गणित शिकवताना पोशाख लागत नाही.

याचा उपयोग काय झाला ते जसे झाले तसे सांगते, फुगवून सांगत नाही. पोशाखाचा नियम बदलला. पुढल्या वर्षी मुलांनी घरातलेच कपडे घालावे असे ठरले, आणि पडद्यावरची झगमग कमी झाली म्हणून काही पालक माझ्यावर रागावले. तो मुलगा नाचात आला. समूहगीत मात्र तसेच राहिले, निवडक मुलांचे. माझी मुदत संपली, नवी चिठ्ठी दुसऱ्याची निघाली.

तुमच्यापैकी ज्यांना मुलांच्या, नातवंडांच्या शाळा पाहायच्या आहेत त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की फलक जरूर वाचा, पण आत गेल्यावर मैदान कुठे आहे ते विचारा. काही शाळांचे मैदान म्हणजे वाहने उभी करायची जागा असते. तुमच्या मुलाच्या वयाच्या वर्गात चाळीस मुले असतील तर गेल्या वर्षी त्यांतली किती मैदानावर उतरली, किती रंगमंचावर गेली, हे विचारा. बक्षिसे किती मिळाली हे ते न विचारताच सांगतील. स्पर्धेला फी किती असते आणि पदक सगळ्यांनाच मिळते का, हेही विचारा. कारण पैसे भरले की पदक घरी येते अशाही परीक्षा निघाल्या आहेत. आमच्या कपाटात तशी तीन आहेत. पुसायलाही कोणी काढत नाही.

आणि आपल्या घरातही बघा. शेजारणीच्या मुलाला काय मिळाले हे जेवताना काढायची आपल्याला खोड आहे. मलाही आहे.

आता धाकटीच्या गाण्याचे. ते एकदम परत आले नाही. डॉक्टर, समुपदेशन, काही केले नाही, सुचलेही नाही. नवरात्रात आपल्या मंडळाचा भोंडला होता. पाटावर हत्ती मांडला होता, आपण सगळ्या फेर धरून होतो. आता आपल्या भोंडल्याचा सूर काय सांगावा! अध्यक्षीणबाई एका पट्टीत, तळमजल्यावरच्या वहिनी दुसऱ्या पट्टीत, आणि पेन्शनर आजी तर मागच्या कडव्यात. धाकटी माझा हात धरून नुसती फिरत होती. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला मला माझ्या डाव्या बाजूने जाड आवाज ऐकू आला. मी वळून पाहिले नाही. पाहिले असते तर ती थांबली असती. खिरापत ओळखताना तर ती सगळ्यांच्या वर ओरडत होती, आणि ओळखलीही तिनेच, सुरळीच्या वड्या. तुम्हापैकी कुणाला हे आठवतही नसेल. म्हणून मुद्दाम सांगितले.

डोंबिवलीच्या गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेतही मला हेच आवडते. १९९९ पासून गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने ती निघते. शाळाशाळांची मुले लेझीम खेळत येतात, कुणाचा पाय चुकतो, कुणाचा फेटा सुटतो, मागची मुले हसतात आणि पथक पुढे जाते. तिथे नंबर काढत नाहीत.

चिटणीसबाई घड्याळ दाखवताहेत, तेव्हा शेवटचे सांगते आणि बसते. प्रजासत्ताकदिनाला आपले मंडळ मुलांचे खेळ घेते. लिंबू-चमचा, पोत्यातली शर्यत, संगीत खुर्ची. दर वर्षी पहिल्या तिघांना आपण पेन्सिलपेट्या देतो आणि बाकीची पोरे कडेला उभी राहतात. संगीत खुर्ची तर अशी की जो हळू तो आधी बाहेर, म्हणजे ज्याने जास्त खेळायला हवे तोच आधी बसणार. यंदा आपण एक खेळ असा घ्यावा की ज्यात कोणी बाद होत नाही आणि एक समूहगीत असे घ्यावे की ज्यात इमारतीतले प्रत्येक मूल गाईल, आवाज कसाही असो. पेटी वाजवायला पेन्शनर आजी तयार आहेत, मी विचारले आहे. पोशाख नाही. तालीम रविवारी संध्याकाळी साडेपाचला गच्चीवर, पाऊस-पाणी नाहीच. नावे माझ्याकडे द्या. आपल्या इमारतीत घरकाम करायला येणाऱ्या बायकांच्या मुलांचीही द्या, त्यांना मी स्वतः सांगणार आहे. आतापर्यंत एकोणीस नावे आली आहेत, त्यांत एक धाकटीचे आहे. ते तिने आपल्या हातानेच वहीत पहिले लिहिले आहे.